हेलिकॉप्टरचा वैमानिक हवाई दलप्रमुख होतो तेव्हा



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या स्नेह्यांनी आम्हाला वाटेतच गाठलं. म्हणाले, "सर, सेवाग्राम इथून हाकेच्या अंतरावर, पवनार तिकडे नदीकाठी, आणि तुम्ही हवाई दलावर बोलणार?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आम्ही शेवटी देऊ. तूर्त एवढंच म्हणतो की वर्धा जिल्हा जसा बापू-विनोबांचा, तसाच तो पुलगावचाही आहे. देशातला सर्वांत मोठ्यांपैकी एक दारूगोळा साठा याच जिल्ह्यात आहे. इथून नागपूरला गेलात तर हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय लागतं. तेव्हा सैन्य हा विषय आपल्या अंगणाबाहेरचा आहे, असं समजण्याचं कारण नाही.

आज आपण ज्यांच्याविषयी बोलणार आहोत ते एअर चीफ मार्शल फली होमी मेजर. जन्म २९ मे १९४७, सिकंदराबादच्या पारशी कुटुंबात. 'मेजर' हे त्यांचं आडनाव, हुद्दा नव्हे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे आपल्या गोष्टीत एक खरोखरचा मेजर येणार आहे. ३१ डिसेंबर १९६७ रोजी ते हवाई दलात अधिकारी झाले, ३१ मार्च २००७ रोजी हवाई दलप्रमुख झाले आणि ३१ मे २००९ रोजी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, निवृत्त झाले. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. म्हणजे जवळजवळ पंचाहत्तर वर्षं या दलाच्या सर्वोच्च खुर्चीवर हेलिकॉप्टरचा वैमानिक कधी बसला नव्हता. मेजर हे पहिले.

आता कुणी म्हणेल, यात एवढं काय? वैमानिक तो वैमानिक. विमान काय नि हेलिकॉप्टर काय. इथेच खरी गंमत आहे.

उडणाऱ्यांमधली उतरंड

आपल्याला वाटतं की जातिव्यवस्था फक्त गावात असते. तसं नाही. प्रत्येक व्यवसायात एक उतरंड असते. डॉक्टरांत असते, वकिलांत असते, आमच्या प्राध्यापकांत तर विचारूच नका. जगातल्या बहुतेक हवाई दलांत लढाऊ विमानाचा वैमानिक वर, मालवाहू विमानवाला मध्ये आणि हेलिकॉप्टरवाला खाली, असा एक न लिहिलेला क्रम दीर्घकाळ होता. त्यामागे तर्कही होता. हवाई दलाचं मुख्य काम शत्रूचं विमान पाडणं आणि शत्रूच्या भूमीवर बॉम्ब टाकणं हे असेल, तर ज्याने ते काम केलं त्यानेच दल चालवावं.

अमेरिकेचं पाहा. तिथे दुसऱ्या महायुद्धानंतर कित्येक वर्षं बॉम्बर विमानवाल्यांचं राज्य होतं. १९८२ पासून लढाऊ विमानवाल्यांचं आलं. मालवाहू विमानं आणि विशेष मोहिमांची हेलिकॉप्टरं यांच्या पार्श्वभूमीचा माणूस, नॉर्टन श्वार्ट्झ, तिथे प्रमुख झाला तो २००८ च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे आपल्या मेजरांनंतर जवळजवळ दीड वर्षाने! या बाबतीत आपण त्यांच्या पुढे होतो, हे नोंदवायला हरकत नाही.

आपल्याकडे आजवर जे मराठी अधिकारी हवाई दलप्रमुख झाले, त्यांतले अनिल टिपणीस, नागपूरचे प्रदीप नाईक किंवा नांदेड जिल्ह्यातले विवेक राम चौधरी घ्या, हे सगळे लढाऊ विमानांचे वैमानिक. त्यांच्या कर्तृत्वाला त्यामुळे काही उणेपणा येत नाही. पण नियम काय होता ते यावरून लक्षात येतं. मेजर हे त्या नियमाला अपवाद.

थांबणारं यंत्र

हेलिकॉप्टर म्हणजे नेमकं काय, हे थोडं समजून घेऊ. विमानाचे पंख स्थिर असतात, म्हणून त्याला पुढे जावंच लागतं. ते थांबलं की पडलं. हेलिकॉप्टरचे पंखच फिरतात, म्हणून ते हवेत एका जागी उभं राहू शकतं. पण हे उभं राहणं विश्रांतीचं नसतं बरं का. आपल्याला खालून ते शांत दिसतं. आत वैमानिकाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकाच वेळी कामात असतात. एका हातात पात्यांचा कोन, दुसऱ्या हातात झुकाव, पायांशी शेपटीचा पंखा. एक बदललं की बाकीचे दोन बदलावे लागतात. वारा तर क्षणाक्षणाला बदलतच असतो. एका जागी राहण्यासाठी सतत हालचाल करावी लागते! आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण स्थिरतेची इतकी चांगली व्याख्या आम्हाला वर्गात कधी सापडली नाही.

आणि या यंत्राचा इतिहासही वेगळा आहे. विमान लवकरच शस्त्र झालं. हेलिकॉप्टर युद्धात आलं ते माणसाला उचलायला. एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशच्या जंगलात एक छोटं विमान पाडलं गेलं. त्यात वैमानिक आणि तीन जखमी सैनिक होते. आसाममधल्या लालाघाटच्या तळावरून कार्टर हार्मन नावाचा अमेरिकन लेफ्टनंट एक कमकुवत हेलिकॉप्टर घेऊन निघाला. त्यात एका वेळी एकच माणूस मावे. चार माणसं, चार फेऱ्या. रणभूमीवरून हेलिकॉप्टरने केलेली ही पहिली सुटका मानली जाते.

भारतीय हवाई दलात पहिली हेलिकॉप्टरं आली ती १९५४ मध्ये, सिकोर्स्की एस-५५ जातीची. मग सोव्हिएत एमआय-४ आली. डिसेंबर १९७१ मध्ये मेघना नदीवरचा आशुगंजचा पूल पाकिस्तानी सैन्याने उडवला, तेव्हा सगत सिंग यांच्या फौजेला याच एमआय-४ हेलिकॉप्टरांनी नदीपार नेलं. पुलाविना नदी ओलांडली आणि ढाक्याचा रस्ता मोकळा झाला. तरीसुद्धा त्या युद्धाच्या लोकप्रिय कथांत हेलिकॉप्टरवाले फार दिसत नाहीत. ओझं वाहणाऱ्याचं नाव वरातीत कुणी घेत नाही, तसंच हे.

या परंपरेत फली मेजर घडले. श्रीलंकेत १९८७ नंतर भारतीय शांतिसेना गेली, तिथे त्यांनी हेलिकॉप्टर तुकडीचं नेतृत्व केलं. लडाखसारख्या उंच प्रदेशात काम केलं. तिथे हवा विरळ, पात्यांना धरायला हवाच नाही, म्हणून किती किलो इंधन घ्यायचं आणि किती किलो रॉकेल-पीठ खाली ठेवायचं याचा हिशेब दर खेपेला मांडावा लागतो. एक माणूस जास्त घ्यायचा तर तेवढं इंधन कमी घ्यायचं. त्यांच्या खात्यावर सात हजारांहून अधिक तासांचं उड्डाण आहे. हिशेब करून पाहा. सलग दिवसरात्र धरलं तरी जवळजवळ दहा महिने हा माणूस हवेत होता.

परवाणू, ऑक्टोबर १९९२

आता ती घटना, जिच्यासाठी त्यांना शौर्य चक्र मिळालं.

हिमाचलात परवाणूजवळ टिंबर ट्रेल नावाचं पर्यटनस्थळ आहे. दोन डोंगरांमध्ये रोपवे, खाली कौशल्या नदीची दरी. १३ ऑक्टोबर १९९२ रोजी पाळणा पलीकडच्या टोकाला पोहोचता पोहोचता ओढणारा दोर तुटला. पाळणा मागे घसरला आणि दरीच्या मधोमध लटकत राहिला. पाळण्याचा चालक घाबरून उडी मारताना मृत्युमुखी पडला. दहा जण आत अडकले. त्यांत बायका-मुलंही होती.

वर जाता येत नाही, खाली येता येत नाही. रात्र तशीच गेली. दुसऱ्या दिवशी सरसावाच्या हवाई तळावरून एमआय-१७ आलं. चालवत होते ग्रुप कॅप्टन फली मेजर. सोबत छत्री दलाचे, म्हणजे १ पॅराचे, मेजर इव्हान जोसेफ क्रास्टो. हा आपल्या गोष्टीतला खरोखरचा मेजर.

अडचण काय होती, ते नीट लक्षात घ्या. पाळणा तारांना लटकलेला. म्हणजे हेलिकॉप्टरला तारांच्या वर थांबावं लागणार. फार खाली आलं तर पाती तारांत. फार वर राहिलं तर दोरीवरचा माणूस झोके खाणार. शिवाय एमआय-१७ हे मोठं यंत्र. त्याच्या पात्यांचा वारा इतका, की खालचा पाळणाच डोलायला लागतो. ज्याला वाचवायचं तोच आपल्यामुळे धोक्यात येतो! आणि सर्वांत मोठी गोष्ट: वैमानिकाला आपल्या बरोबर खाली काय चाललंय ते दिसत नाही. दारातून वाकून पाहणारा सहकारी सांगतो: थोडं डावीकडे, थोडं पुढे, थांबा. त्या आवाजावर विश्वास ठेवून एवढं मोठं यंत्र काही फुटांच्या आत धरून ठेवायचं.

क्रास्टो दोरीने पाळण्यावर उतरले, वरच्या झडपेतून आत गेले आणि एकेकाला पट्ट्यात बांधून वर पाठवू लागले. काही जण निघाले, तोवर अंधार पडला. काम थांबवावं लागलं. आता क्रास्टोंनी काय करावं? ते वर येऊ शकत होते. आले नाहीत. उरलेल्या लोकांसोबत ती रात्र त्यांनी त्या लटकत्या पाळण्यात काढली. सकाळी हेलिकॉप्टर परत आलं आणि राहिलेले सगळे सुटले. दहाच्या दहा जिवंत. क्रास्टोंना कीर्ती चक्र मिळालं.

या घटनेत शत्रू नाही. कुणी हरलं नाही. पण धैर्याची जेवढी म्हणून अंगं आपण तत्त्वज्ञानात मोजतो, ती सगळी इथे आहेत. भीती आहे आणि तिच्यासकट काम आहे. घाई करावीशी वाटते आणि आवरायचं आहे. आणि दुसऱ्याच्या डोळ्यांवर विश्वास आहे. अर्जुनाला फक्त पोपटाचा डोळा दिसत होता असं आपण मुलांना सांगतो. मेजरांना तर लक्ष्यच दिसत नव्हतं, तरी हात हलला नाही.

एका वर्षातला एक महिना

पुढे ते पदं चढत गेले. २००४ च्या त्सुनामीनंतर तिन्ही दलांच्या मदतकार्याचा समन्वय करण्यात त्यांचा वाटा होता. मग शिलाँगला पूर्व हवाई कमांडचे प्रमुख, आणि तिथून दिल्ली.

प्रमुखपदाच्या काळात त्यांनी काय केलं, ते पटकन सांगतो. ऑगस्ट २००७ मध्ये १२६ लढाऊ विमानांच्या खरेदीची निविदा निघाली. ३१ मे २००८ रोजी काराकोरम खिंडीजवळच्या दौलत बेग ओल्डी या सोळा हजार फुटांवरच्या धावपट्टीवर त्रेचाळीस वर्षांनी आपलं एएन-३२ विमान उतरलं. त्या जागेचं महत्त्व काय, ते २०२० मध्ये गलवाननंतर साऱ्या देशाला कळलं. डिसेंबर २००८ मध्ये ८० एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टरांचा करार झाला. ती यायला लागली २०११ मध्ये. जून २०१३ मध्ये केदारनाथला प्रलय आला तेव्हा हजारो यात्रेकरूंना वर काढणाऱ्यांत ही हेलिकॉप्टरं होती. त्यांतलं एक गौरीकुंडजवळ कोसळून वीस जण गेले, हेही विसरता कामा नये. तोवर मेजर निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. झाड लावतो एक, सावलीत बसतो दुसरा. अशा पदावरच्या माणसाचं काम बहुतेक असंच असतं.

पण आम्हाला थांबायचं आहे ते २००८ च्या नोव्हेंबरवर.

१४ नोव्हेंबर २००८. छत्तीसगडमध्ये विधानसभेचं मतदान. आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या बिजापूर जिल्ह्यातून मतदान कर्मचारी आणि मतदान यंत्रं घेऊन निघालेल्या हवाई दलाच्या हेलिकॉप्टरवर नक्षलवाद्यांनी गोळीबार केला. हेलिकॉप्टर कसंबसं परतलं, पण त्यातला एक सार्जंट, फ्लाइट इंजिनिअर, मारला गेला. मतदान यंत्रं आणणारा माणूस!

आणि त्यानंतर बरोबर चौदा दिवसांनी, २८ नोव्हेंबरच्या सकाळी, मुंबईत कुलाब्याच्या नरिमन हाउसवर एमआय-१७ घिरट्या घालत होतं आणि त्यातून एनएसजीचे कमांडो दोरीने गच्चीवर उतरत होते. ते दृश्य आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आत ओलीस असलेले वाचले नाहीत. गजेंद्र सिंग हा हवालदार तिथेच पडला. यंत्र तेच, दोरी तीच, कौशल्यही तेच. परवाणूला त्या दोरीने माणसं वर आली. इथे ती खाली गेली, हातात बंदुका घेऊन.

या दोन घटनांत प्रमुखापुढे एकच प्रश्न उभा राहतो. उत्तर कसं द्यायचं?

बिजापूरनंतर मागणी आली की हेलिकॉप्टरवाल्यांना स्वसंरक्षणासाठी गोळी झाडू द्या. ऑक्टोबर २००९ मध्ये आपल्या गडचिरोलीत लाहेरीला सतरा पोलीस मारले गेले आणि हवाई हल्ल्यांची भाषा आणखी चढली. तोवर मेजरांच्या जागी नागपूरचे प्रदीप नाईक आले होते. स्वसंरक्षणाची परवानगी मिळाली, पण आपल्याच नागरिकांच्या जंगलावर हवाई दलाचं शस्त्र वापरावं याला नाईकांनी उघडपणे नापसंती दर्शवली. नाईक लढाऊ विमानाचे वैमानिक. तेव्हा संयम हा काही फक्त हेलिकॉप्टरवाल्यांचा गुण आहे, असा निष्कर्ष आम्ही काढणार नाही. तो खोटा ठरेल.

मुंबईनंतर सीमेपलीकडे हवाई कारवाई करण्याची हवाई दलाची तयारी होती आणि सरकारने तसा निर्णय घेतला नाही, असं माजी प्रमुख बी. एस. धनोआ यांनी २०१९ मध्ये मुंबईत व्हीजेटीआयच्या विद्यार्थ्यांसमोर सांगितलं. ते बरोबर होतं की चूक, यावर आजही वाद आहे. पुलवामानंतर बालाकोट झालं, तेव्हा तो वाद पुन्हा निघाला. आमचा मुद्दा वेगळा आहे. तयारी ठेवायची आणि हुकूम आला नाही तर ती तयारी तशीच म्यानात ठेवायची, हे लोकशाहीतल्या सेनापतीचं सर्वांत अवघड काम आहे. तेही एक प्रकारचं एका जागी थांबणंच. बाहेरून निष्क्रिय दिसतं, आत चारही हातपाय कामात असतात.

आता त्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे

वर्ध्यात बसून सैनिकावर का बोलायचं?

गांधीजी १९३६ मध्ये सेगावला राहायला आले. पण त्याआधी कितीतरी वर्षं, १८९९ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झालं तेव्हा बॅरिस्टर गांधींनी सुमारे अकराशे भारतीयांचं रुग्णवाहक पथक उभं केलं होतं. जखमींना डोलीत घालून हे लोक दिवसाला वीस-पंचवीस मैल चालत. स्पिऑन कोपच्या लढाईत तर तोफांच्या माऱ्याजवळ गेले. ज्याला आपण अहिंसेचा महापुरुष म्हणतो, त्याची रणांगणाशी पहिली ओळख डोली खांद्यावर घेऊन झाली. भ्याडपणा आणि हिंसा यांतून एकच निवडायचं असेल तर आपण हिंसा निवडायला सांगू, असंही त्यांनी १९२० मध्ये लिहिलं. त्यांना निर्भय माणूस हवा होता. आणि विनोबांनी शांतिसेना काढली तेव्हा तिच्या नावात 'सेना' हा शब्द ठेवलाच ना?

हेलिकॉप्टर म्हणजे उडणारी डोली आहे, असं म्हणून आम्ही इथे टाळी घेऊ शकलो असतो. पण ते अर्धंच खरं. त्याच हेलिकॉप्टरला रॉकेटही लावता येतात आणि लावलीही जातात. श्रीलंकेत शांतिसेना म्हणून गेलेलं आपलं सैन्य लढलं, मारलं आणि मेलं. यंत्राला स्वतःची नीती नसते. ती चालवणाऱ्याची असते आणि त्याहून जास्त, चालवायला सांगणाऱ्याची. म्हणजे आपली. मतदान आपणच करतो.

३१ मे २०१६ च्या पहाटे पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली. आसपासच्या गावांत घरांच्या भिंती हादरल्या. इथे बसलेल्यांपैकी काहींना तो आवाज आठवत असेल. त्या आगीत गेलेल्यांत बहुतेक जण आग विझवायला आत शिरलेले अग्निशमनाचे जवान होते. पळायला वाट होती, ते उलट दिशेने गेले. त्यांची नावं आज आपल्यापैकी किती जणांना आठवतात? आम्हालाही आठवत नाहीत, आणि हे कबूल करताना संकोच वाटतो.

फली मेजर हवाई दलप्रमुख झाले याचं महत्त्व आमच्या दृष्टीने इथे आहे. एका मोठ्या संस्थेने पंचाहत्तर वर्षांनी मान्य केलं की उचलून आणणारा, ओझं वाहणारा, एका जागी तग धरून राहणारा माणूसही सर्वांचं नेतृत्व करू शकतो. आपल्या घरात, शाळेत, दवाखान्यात, सरकारी कचेरीत असे लोक असतात. कुणी तरी त्यांच्याच भरवशावर दोरीला लटकलेलं असतं. त्यांना वरची खुर्ची द्यायला आपण किती वर्षं लावतो, याचा हिशेब ज्याचा त्याने घरी गेल्यावर करावा.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.